बोर्ड आधी की पीक आधी

पाचोऱ्याहून मामाच्या गावाकडे निघालं की रस्त्याकडेच्या कपाशीत बोर्ड दिसतात: ‘ही किमया आमच्या टॉनिकची’. हे बोर्ड कधी लावतात? झाडं बोंडांनी लगडल्यावर. पीक पडून तोटा झालेल्या वावरात एक बोर्ड दाखवा. ही शुद्ध लबाडी आहे, आणि तसं पत्रक मी काढलं होतं; असल्या दाव्यांविरुद्ध पत्रकं काढणं हा माझा उद्योगच.

गेल्या हंगामात त्या कंपनीचा माणूस मामाच्या ओट्यावर येऊन बसला. मामा सगळ्या वावरासाठी टॉनिक घ्यायच्या बेतात. मी म्हणालो, एवढा विश्वास आहे तर बोर्ड फवारणीआधी लावा.

“आणि पीक पडलं तर?” त्याने इतक्या निरागसपणे विचारलं की मला पुढच्या पत्रकाचा मथळाच मिळाला.

मामा हसला, पण माझ्याकडे बघून. “तुनं पत्रक बी पीक पडावरच निंघस ना, भाऊ?”

झोंबलं, कारण माझी पत्रकंही पीक बुडाल्यावरच निघत होती. मग तिथेच ठरलं. कंपनीच्या माणसाने टॉनिक फुकट द्यायचं. नाणं उडवून अर्ध्याच वावरावर फवारायचं आणि कोणत्या अर्ध्यावर, ते त्याला सांगायचं नाही. मी आधीच लिहून द्यायचं की फरक पडणार नाही. पडला, तर पाचोऱ्याच्या बाजारात उभं राहून कंपनीची पत्रकं मी वाटायची. मी हे सगळं छापून गावभर वाटलं. माघार आमच्या तत्त्वात बसत नाही.

पावसाळाभर मात्र माझे हाल झाले. फवारलेली बाजू हिरवीगार दिसली की संताप यायचा. तिकडे अळी दिसली की बरं वाटायचं. शेवटी मामाने मला वावरात यायलाच बंदी केली. म्हणाला, तुझी नजर त्या कंपनीवाल्यासारखी झाली आहे.

पहिली वेचणी झाली. दोन्ही बाजूंचा कापूस वेगवेगळा तोलला. सारखाच भरला. मी सुटलो.

हे ठाऊक नसलेला कंपनीचा माणूस मोटारसायकलला बोर्ड बांधूनच आला. मामाने विचारलं, टॉनिकची बाजू कोणती ते ओळखा. त्याने डावीकडे बोट केलं. म्हणे, आंधळ्यालाही दिसेल. मामाने त्याला तिथे बोर्ड ठोकू दिला, चांगला खोल. मग सांगितलं की ही बाजू कोरी आहे, इकडे थेंबही पडलेला नाही.

तो जरासुद्धा अडखळला नाही. “नाना, आमचा माल इतका जोरदार आहे, गुण मुळांवाटे इकडेही आला.”

मामाने मान डोलावली. “मंग पुढला साल शेजारले दे. गुण मना वावरमा आपसूक यी.”

बाटली काही खपली नाही. पुढच्या बाजाराला मी पाचोऱ्यात उभा राहिलो, पण माझंच पत्रक घेऊन. नवीन छापलंच नाही; फवारणीआधीचे उरलेले, चुरगळलेले कागद होते तेच. एका आजोबांनी उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, हे तर जुनं आहे.

म्हटलं, आबा, जुनं आहे म्हणूनच वाचा.