सड्यावरचं गाऱ्हाणं

बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत माझी कुठलीही गोष्ट लोक निम्मी कापून ऐकतात. मी अजगर सांगितला की गांडूळ धरतात. त्यामुळे हा अनुभव लिहावा की नाही, याच शंकेत होतो. शेवटी सुलू, म्हणजे आमची सौभाग्यवती, म्हणाली, "लिहा. या वेळी साक्षीला मी आहे."

सुलूच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज पार बारीक झाला. त्या काळात मी देवाशी बोलणंच टाकलं होतं. डॉक्टरांनी चालायची मोकळीक दिली, तसे आम्ही श्रावणात मालवणाकडे सुट्टीला गेलो. उतरलो होतो त्या घरामागे सडा होता. काळ्या कातळाचा उघडा माळ, त्यावर निळी-पिवळी फुलं, आणि शांतता इतकी, की सुलूच्या छातीतली नवी झडप मला टिकटिकताना ऐकू येत होती. घरमालकांनी बजावलं होतं, "धुकं आलं तर असाल तिथेच बसा." मी म्हटलं, "काका, नॅशनल पार्कातले बिबटे मला वाट विचारून घरी जातात."

धुकं आलं. उभी म्हैस गिळेल असं. सुलू दमली होती, म्हणून तिला एका दगडावर बसवून मी वाट शोधायला गेलो. वाटही हरवली आणि सुलूही. तिच्या गोळ्या माझ्या खिशात. मग जो ओरडत सुटलो, गोव्यातल्या कुत्र्यांनीही ओ दिली असेल. सुलूची काही येईना. खाली बसलो, हात जोडले, आणि वडील गणपतीत घालायचे ते गाऱ्हाणं आपसूक तोंडात आलं. "बा देवा म्हाराजा, मी तुझ्याशी अबोला धरलंय, ता पोटात घाल. पण माझी बायल माका गावांदे रे म्हाराजा."

बायको सापडू दे, एवढंच मागितलं. गाऱ्हाणं घालणारा इथे थांबतो, होकार बाकीच्यांनी द्यायचा असतो. सवयीनं मीही थांबलो. आणि धुक्यातून जाड, घोगरा आवाज आला, "व्हय म्हाराजा." त्याच्या मागोमाग एक बारीक आवाज, अगदी जवळून, "व्हय म्हाराजा." हा माझ्या ओळखीचा होता.

सुलू हाकेच्याही अलीकडे, फुलांत बसली होती. "केव्हाची ओ देतेय. तुम्ही ऐकायला थांबाल तर ना." मग माझ्यामागे बघत म्हणाली, "आणि तुमच्यासोबतचे ते बाबा कुठे गेले?"

मला वाटलं होतं, ते तिच्यासोबत आहेत.

धुकं विरलं. साऱ्या सड्यावर आम्ही दोघंच. "गुराखी असेल," सुलू म्हणाली. मी म्हटलं, असेल. कधी नव्हे ते पुढे काही जोडलं नाही. उतरताना मात्र दोघांनाही हसू आवरेना.

तो कोण, हे मी शोधत बसलो नाही. त्यानं सुलू परत दिली, एवढं मला पुरे. फक्त एक शिकलो: मागणं मागून झालं की थांबावं, बाकीचं त्याच्यावर टाकावं. आता रोज संध्याकाळी देवापुढे भरपूर बडबडतो आणि मग गप्प बसतो. पोळ्या लाटता लाटता आतून सुलू म्हणते, "व्हय म्हाराजा." आवाज असा खणखणीत, की दहिसरपर्यंत जातो. हेही निम्मं कापा हवं तर. सड्यावरचं तेवढं पुरं धरा.