बांबूच्या सेंटरवरची सासू-सून

बांबू फोडायला बसलं की भोवती कचरा साठतो ना, तसे आमच्या सुरगाण्याकडच्या ट्रेनिंग सेंटरवर किस्से साठतात. झाडून काढले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा ढीग! मी तिथे बायकांना बांबूचे लॅम्प करायला शिकवते, आणि खरं सांगते, रोज तोंडात बोट घालून घरी येते.

हिराचंच बघा. दरवर्षी दिवाळी झाली की गावात मुकादमाची जीप येते, आणि हिरा सगळं घर घेऊन निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जाते. पोरीच्या शाळेचे बारा वाजतात. पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "औंदा नाय जायाचं मला. पोरगी शिकली पायजे."

मी तिला नमुन्याचा लॅम्पशेड दाखवला, तर बाई फिस्सकन हसली. "मॅडम, ही तर कोंबड्या झाकायची पाटी!"

"अगं, शहरात हे छताला टांगतात."

"मंग कोंबड्या कुठं ठेवतात?"

आता काय सांगणार, कपाळ!

•

हिराची सासू भागीआजी. सून करते तरी काय, हे बघायला रोज यायची आणि दारात फतकल मारून बसायची. "सावलीत बसून करायचं त्याला काय काम म्हनायचं? घाम कुठंय?" हे तिचं पालुपद.

एकदा आम्ही जेवून आलो, बघते तर हिराचा अर्धवट लॅम्प पुरा विणलेला! वीण अशी एकसारखी, की मी नुसता हात फिरवत राहिले.

"आजी, कुणी केलं हो हे?"

"उंदरानं," बोटात घुसलेलं कुसळ काढत आजी म्हणाली.

•

सेंटरवर दुपारी लाइट नसायची, आणि असली तरी भर उजेडात दिवा कोण लावतो? त्यामुळे हिरानं आपला लॅम्प पेटलेला पाहिला तो थेट नाशिकच्या प्रदर्शनात. मी बटण दाबलं. समोरच्या भिंतभर जाळी पसरली.

हिरा भिंतीला हात लावून आली. मग हळूच म्हणाली, "पट्ट्या मी इनल्या मॅडम. पन ही सावली कुनी इनली?"

 

•

त्या प्रदर्शनातून एका हॉटेलची मोठी ऑर्डर मिळाली. पण घरात शब्द चालायचा आजीचा, आणि दिवाळी झाली तरी गावातच राहायला ती हो म्हणेना, नाही म्हणेना. हिरा रोज विचारायची, आजी रोज विषय बदलायची.

एका सकाळी जीप सेंटरसमोरच येऊन थांबली. हिराचा चेहरा पांढराफटक. 

"चला आजी, जागा धरलीय तुमची!" मुकादम ओरडला.

आजी उठली. लुगडं झटकलं आणि सरळ जीपच्या मागच्या दाराशी गेली. आत शेजारची सोनी दाटीवाटीनं बसलेली, मांडीवर तिची पोरगी, पोरीच्या पाठीला अजून शाळेचं दप्तर.

आजीनं आधी पोरीला खाली घेतलं. मग सोनीचा दंड धरला. "उतर खाली. आमच्यात बस शिकायला."

"अहो आजी, माझी गाडी रिकामी होईल!" मुकादम केकाटला.

"आजून झालीच कुठं?" म्हणत आजीनं पुढच्या बाईचा हात धरला.