मनोरीला ठेवलेलं पिल्लू

लग्न होऊन मी बोरिवलीला आले तेव्हा त्या दोन खोल्यांतली प्रत्येक वस्तू माझ्याआधीची होती. डबे, पाट, भिंतीवरचं घड्याळ, सासूबाईंच्या सवयी. सगळ्यांची जागा ठरलेली, आणि मी मात्र कुठे उभी राहिले तरी कुणाच्या ना कुणाच्या वाटेत. त्यामुळे श्रावणातल्या एका संध्याकाळी नवऱ्याने कारखान्यातून डब्याच्या पिशवीत घालून कुत्र्याचं एक तांबूस पिल्लू आणलं, तेव्हा मला झालेला आनंद निव्वळ स्वार्थी होता. माझ्यानंतर घरात आलेलं ते एकटंच. ते माझं, हे मी त्याच क्षणी ठरवून टाकलं.

सासूबाईंनी त्याला ठेवून घेतलं, पण एका अटीवर. त्या पक्क्या मालवणी, एरवी मासळीशिवाय घास न उतरणाऱ्या; पण श्रावण लागला की गणपती जाईपर्यंत घरात अंडंसुद्धा नाही. "ह्या घरात ऱ्हवाचा तर श्रावण पाळूचो," त्यांनी पिल्लाला तोंडावर सांगितलं. मग त्याला दूधभात, वरणात कुस्करलेली चपाती, सोमवारी वऱ्याचे तांदूळ. एकदा वरच्या मजल्यावरच्या कुणीतरी त्याला कोंबडीचं हाड टाकलं, तर सासूबाईंनी ते चिमट्याने उचलून फेकलं आणि पिल्लाला आंघोळ घातली. मी हसू दाबायला स्वयंपाकघरात पळाले, पिल्लू ओल्या अंगाने माझ्या मागे. चपात्या लाटताना ते माझ्या निऱ्या धरून लोंबकळायचं. सगळ्या साड्यांच्या काठांची त्याने वाट लावली.

आमची नेहमीची कोळीण मनोरीची. तरीतून, म्हणजे खाडीवरच्या होडीतून, अलीकडे येऊन आमच्या भागात मासळी विकायची. श्रावणात आमच्याकडे विक्री नाही, तरी दारात टेकून चहा घेऊन जायची. तिने पिल्लाला बघितलं आणि कपाळाला हात लावला. "काय गो बाय, याला उपाशी ठेवतेस काय? हाडं मोजून घे!"

गणपतीला गावी जायचं ठरलं तेव्हा पिल्लाचा प्रश्न आला. एस.टी.त कसंबसं नेलं असतं, पण गावच्या घरात, गणपतीच्या पुढ्यात कुत्रं सासूबाईंना चालणारं नव्हतं. मी मागे राहते म्हणायचीही सोय नव्हती, कारण त्या वर्षी माझा पहिला ओवसा होता. नव्या सुनेने गौरीपुढे भरलेली सुपं घेऊन ओवसायचं असतं, आणि ते बघायला सगळी भावकी जमते. शेवटी कोळीणच म्हणाली, माझ्याकडे दे. तिच्या टोपलीतून पिल्लू गेलं. वळूनही बघितलं नाही, लबाडाने.

गावी माणसांचा नुसता पूर. मला कुणाचं नाव आठवेना, आणि सगळ्यांना माझं पाठ. स्वयंपाकघरात मी वळताना पाय उचलून, खाली चाचपत टाकायचे, पिल्लू पायाखाली येईल म्हणून. ते तिथे नाही हे डोक्याला कळत होतं, पायांना नाही. एका चुलत सासूबाईंनी विचारलंच, "पायाक काय लागला गो?" मी मान हलवली. ओवशाच्या वेळी सगळ्या म्हणाल्या, सून गंभीर आहे हो. मी सुपं हातात धरून विचार करत होते की ते आत्ता कुणाच्या निऱ्या ओढत असेल.

"अगं, मासे खाऊन झकास असेल तो," नवरा म्हणाला. मला त्याचीच तर भीती होती. मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी मनोरीला निघाले. नवऱ्याची ड्युटी होती. सासूबाई आपणहून निघाल्या. त्यांना ताजे बांगडे हवे होते, पिल्लाशी त्यांचं काही देणंघेणं नाही, असं मला बजावूनही झालं. मार्वेला तरीत बसलो, पलीकडे उतरलो.

कोळणीच्या अंगणात जाळ्याच्या ढिगावर एक गुबगुबीत कुत्रं पसरलं होतं. हाक मारली तेव्हा कळलं, आमचंच. त्याने मान वर केली, शेपटी थोडीशी हलवली, लग्नघरात लांबच्या पाहुण्याला ओळख देतात तेवढी, आणि उठून कोळणीच्या पायांमागे जाऊन बसलं.

माझे डोळे भरून आले. भर अंगणात, परक्यांसमोर.

"ठेव गो हितंच," कोळीण समजुतीने म्हणाली. "पोरं पण रमलीत त्याच्यासंगती."

बांगड्यांचे कल्ले उघडून बघत असलेल्या सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "नाय हां. ता आमचा आसा."

मी त्याला उचललं. तरी सुटली तसं ते माझ्या हातातून काठाकडे मान ताणून रडायला लागलं. थांबेचना. लोक बघायला लागले. मला वाटलं, याला आपण नको आहोत, आणि मन नसताना परक्या घरात राहावं लागणं म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं.

"आई, परत देऊया का त्याला?" मी म्हटलं. "ह्याच तरीने मागे जाते."

सासूबाई पिशवी मांडीवर घट्ट धरून पाण्याकडे बघत होत्या.

"रडांदे तेका. रमतला. तू नाय मोरीत नळ सोडून रडी होतंस? मी आयकी होतंय."

माझं माहेर मुलुंडचं, म्हणजे काही परदेश नव्हे. तरी लग्नानंतरचे कितीतरी दिवस मी सकाळी मोरीचं दार लावून, नळ पूर्ण सोडून रडले होते. कुणाला पत्ता लागला नाही अशी माझी खात्री होती. आमच्याकडे पाणी सकाळी तासभर यायचं, आणि तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालणारी ही बाई दाराबाहेर कळशी घेऊन उभी राहून ते वाहून जाताना ऐकत होती.

"पाणी फुकट जाय होता," त्या म्हणाल्या. "पण मी काय बोलूक नाय."

मी पिल्लाला पदरात घेतलं आणि त्याला रडू दिलं.