वाढवलेलं दुकान

गल्ल्यावर बसलं की समोर टेकडीचा पायथा दिसतो. वारा आला की तिथलं पिवळं गवत कूस बदलतं. धाकटा भाऊ रविवारी सगळ्यांनी तिथे फिरायला जायचा बेत आखत होता. "दादा, चढ अजिबात नाही. गवतातली पायवाट आहे, संध्याकाळी घरी."

"तुला काय! तू शिकून सुटलास, मी इथेच बसलो," मी भडकलो.

"मग एक दिवस वाढवा की दुकान!" बायको म्हणाली.

'बंद' म्हणणं अशुभ, म्हणून आम्ही दुकान 'वाढवतो'. रोज वाढवत आलो आणि ते खरंच माझ्याभोवती वाढत गेलं.

"अर्ध्या दिवसात जमेल का?" मी विचारलं.

भाऊ हसला. "गवताशीही घासाघीस?"

मला हसू आलं नाही. दिवस माझाच होता, आणि तो मलाच परवडत नव्हता.