गजूभाऊंची मोबाइलमधली पंगत

गजूभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी "थांब, दोन गिऱ्हाईकं उरलीत" असं म्हणालो.

पालघरच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात सकाळीच वीज गेली होती. मशीन बंद, म्हणून मी मोबाइलवर हॉटेल चालवायचा गेम खेळत बसलो होतो. दीप्तीचा फोन आला, म्हणजे गजूभाऊंच्या मुलीचा. तो मी स्पीकरवर टाकला आणि बोटं गेमवरच ठेवली. "काका, बाबा गेले," ती म्हणाली, आणि मी वरचं वाक्य बोललो. पलीकडून जो आवाज आला तो रडण्याचा होता की हसण्याचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही… कारण ते वाक्य मुळात तिच्या बाबांचंच. जेवायला हाक मारा, गोळी घ्यायला हाक मारा, सोफ्यावरून उत्तर हेच यायचं. मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. थांबलो नाही. "कुठे गेले?" असंही विचारलं.

गजूभाऊ माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वाणगावजवळ त्यांची चिकूची वाडी, नोकरी बोईसरच्या एका कारखान्यात आणि राहायला सालवडला. पण त्यांना विचारलं असतं तर त्यांनी आपला धंदा 'वाढपी' असाच सांगितला असता. आसपासच्या गावांत कुणाकडे कार्य निघालं की यजमान आचाऱ्याच्या आधी त्यांच्याकडे यायचा. कमरेला पंचा, हातात बादली, नजर माणसांच्या तोंडावर नाही तर पत्रावळींवर. अख्खी पंगत उठेपर्यंत एकाही माणसाला हात वर करून काही मागावं लागायचं नाही. "काय पायजे असं इचारतो तो वेटर. वाढप्याला दिसतं," असं ते म्हणत, आणि हे म्हणताना का कोण जाणे माझ्याकडे बघत.

का ते मला ठाऊक आहे. माझं नवीनच लग्न झालं होतं आणि मेव्हण्याच्या लग्नात जावईपण मिरवण्यापेक्षा कामाला हात लावू, असा विचार माझ्या मनात आला. वरणाची बादली उचलली आणि पंगतीच्या उलट्या टोकाकडून निघालो. भात अजून तिकडे पोचलाच नव्हता. पत्रावळीवर भाताचं आळं नसेल तर वरण कुठे जातं, हे मला त्या दिवशी समजलं. ते नवरीच्या मामांच्या मांडीवर जातं. गजूभाऊंनी माझ्या हातातून बादली काढून घेतली, इतक्या हळुवारपणे की मामांनाही वाटलं माझा सत्कार चाललाय. त्यानंतर त्यांनी मला पाण्याच्या तांब्यालाही हात लावू दिला नाही.

मग त्यांना झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, चालणं भिंतीच्या आधाराने, पण उजवा हात गेला. बोटांना काहीतरी काम द्या असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून दीप्तीने त्यांच्या मोबाइलवर एक गेम टाकून दिला. योगायोग असा की मी दुकानात खेळायचो तोच. गिऱ्हाईक येतं, त्याला बसवायचं, काय हवं ते विचारायचं, थाळी न्यायची, उठला की टेबल पुसायचं. उशीर झाला की त्याच्या डोक्यावरचे पत्त्यातल्यासारखे लाल बदाम एकेक करून विझतात, आणि सगळे विझले की तो पाय आपटत निघून जातो. दिवस संपला की एक, दोन किंवा तीन तारे. मी मोठ्या जाणकाराच्या थाटात त्यांना शिकवायला सालवडला गेलो.

पहिले काही दिवस ते नुसते चिडचिड करत होते. "लाल साडीवाल्या बाईला लाल खुर्चीवर बसवलं की जास्त गुन? हे कुठलं शास्तर?" आणि खरा राग याचा, की "हे एकेकटे का जेवतात? एकाला सूप, दुसरा नुस्ता बसून. त्याच्या तोंडाकडं बघवत नाय." एका रविवारी मी गेलो तर पडद्यावर तिन्ही तारे. मला आयुष्यात कधी न मिळालेले. गेम खेळता खेळता त्यांनी तिथे पंगत बसवली होती! एक माणूस आला की धावायचं नाही. चारही टेबलं भरू द्यायची, मग सगळ्यांना ओळीने विचारायचं, सगळ्यांचं ओळीने वाढायचं, सगळे एकदम उठवायचे. एकच काम लागोपाठ केलं की गेम जादा गुण देतो, हे मला माहीतच नव्हतं. त्यांनाही नव्हतं. ते आपले सवयीने करत गेले.

पुढे त्यांचे नियम वाढत गेले. दारात उभ्या माणसाला आधी पाणी द्या, बदाम परत भरतात. तापट गिऱ्हाईक स्वयंपाकघराजवळ बसवा, म्हाताऱ्याला लांब बसवलं तरी चालतं, तो वाट बघतो. कमाई झाली की झुंबर घेऊ नका, बूट घ्या. मी सगळ्या कमाईची झुंबरं लावली होती. माझं हॉटेल राजवाड्यासारखं दिसायचं आणि माझा वाढपी त्यातून गोगलगाईसारखा फिरायचा. "साडू, तुमी लग्नात पन हेच केलंत," ते म्हणाले. माझ्या लग्नात की मेव्हण्याच्या, ते मी विचारलं नाही.

याच सुमारास दीप्तीचं लग्न ठरलं. मुलाकडचे म्हणाले, बुफे ठेवा, सुटसुटीत होतं. गजूभाऊ म्हणाले, माझ्या पोरीच्या लग्नात माणसं ताट घेऊन रांगेत उभी राहनार नाय. पंगतच उठेल, आणि ती मीच उठवीन. हात नाही, धड चालता येत नाही, आणि पंगत उठवणार! घरात वाद झाला. शेवटी त्यांनी तोडगा काढला, "मी खुर्चीवर बसून सांगन. पाय यांचे." 'यांचे' म्हणजे माझे. ताई, म्हणजे त्यांची बायको, आतून म्हणाली, "भावोजींच्या हातात बादली देनार? मंग बुफेच बरा."

मग दर रविवारी माझी शिकवणी सुरू झाली. त्यांच्या मोबाइलवर मी खेळायचं आणि त्यांनी शेजारी बसून ओरडायचं. मला निम्म्या वेळा कळायचंच नाही की बोलणं गेमचं चाललंय, लग्नाचं की आणखी कशाचं. "ती कोपऱ्यातली रुसली, बघा!" मी कोपरा शोधेपर्यंत ते व्याह्यांच्या आत्याबद्दल बोलत असायचे. एकदा ते हळूच म्हणाले, "त्या निळ्या बाईकडं ध्यान द्या. ती मागत नाय. पन तिचा एकच बदाम रायलाय." पडद्यावर निळ्या झग्यातली एक बाई होती खरी. आणि समोर दारात निळी साडी नेसून ताई चिकू निवडत बसली होती, त्या वादानंतर घरात फारसं न बोलणारी. मी निळ्या झग्याला सूप नेऊन दिलं. गजूभाऊंनी नुसता सुस्कारा टाकला… मी चुकीच्या बाईला वाढलं का? त्यांना विचारायचं राहून गेलं. आता विचारायची सोय नाही.

मग दीप्तीचा तो फोन आला आणि लग्न पुढे ढकललं. आणि ज्या पंगतीसाठी मी एवढा शिकलो होतो तिच्याआधी दुसरीच पंगत आली, त्यांच्या बाराव्याची. वाणगावच्या वाडीत, चिकूच्या झाडांखाली. आचाऱ्याने भात उतरवला तेव्हा दीप्ती बादली घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "काका, बाबांनी तुम्हाला शिकवलंय." मी ताईकडे पाहिलं. ती दुसरीकडे बघत होती. मला एवढंच कळत होतं की आज मी पंगत घालवली, तर लग्नात बुफे येणार आणि गजूभाऊंची शेवटची इच्छा माझ्या हातून सांडणार, वरणासारखी.

पण सांगायला अभिमान वाटतो, सांडली नाही. मी कोणालाही धावून वाढलं नाही. पंगत पूर्ण बसू दिली. आधी सगळीकडे पाणी. मग एका टोकाकडून भाजी, मग भात, आणि भाताला आळं पडल्याशिवाय वरण नाही. त्यांचे एक तापट चुलतभाऊ होते, त्यांना बरोबर चुलीजवळ बसवलं. नजर तोंडांवर नाही, पत्रावळींवर. एकाही माणसाला हात वर करावा लागला नाही, एकही हाक आली नाही. माणसं खाली मान घालून जेवली आणि उठली. मला तर चिकूच्या फांद्यांत तीन तारे दिसायला लागले. वाटलं, ते बसून सांगणार होते ती खुर्ची रिकामी आहे पण तिच्यातून कोणीतरी बघतंय.

शेवटी घरची माणसं बसली. ताईने पहिला घास घेतला, थांबली, पत्रावळीचा वरचा कोपरा बोटाने चाचपला.

"भावोजी, मीठ कुटं हाय?"

मी आचाऱ्याकडे बघितलं. त्याने सांगितलं, त्याने मिठाचा हात आखडताच ठेवला होता, पानावर वाढतातच म्हणून. मिठाची वाटी चुलीमागे भरलेली तशीच होती.

"पण कोणी मागितलंच नाही," मी म्हणालो.

"मयताच्या घरी मीठ मागतंय कोन? सगली अलनी जेवून गेली." तिने दीप्तीकडे पाहिलं. दीप्तीने तोंडाला पदर लावला होता. फोनवरचाच तो आवाज, रडण्याचा की हसण्याचा… ताईलाही तो कळला नसावा. तिने वाटी स्वतः उठून आणली, चिमूटभर मीठ पोरीच्या पानावर ठेवलं, चिमूटभर स्वतःच्या.

"लग्नाला पंगतच ठेवू," ती म्हणाली. "मुलाकडच्यांना मी सांगते. पन भावोजी, तुमी जेवायला बसायचं. वाढायला नाय."