पटाच्या मैदानावरचा दगड

कटंगीजवळच्या शंकरपटाच्या शर्यतीत भरधाव बैलजोडी हाकताना माझा भाऊ छकड्याखाली सापडून गेला. मैदानाच्या कडेला आम्ही त्याच्या नावाचा दगड बसवला. दरवर्षी पटाच्या आधी मी बालाघाटहून जाते आणि तो घासूनपुसून काढते. यंदा त्यावर शेंदूर थापलेला होता. नावाचं एकही अक्षर दिसेना. मेलेल्याचं नावसुद्धा सोसत नाही या लोकांना! मी नखांनी शेंदूर खरवडायला लागले, तर नारळ घेऊन आलेला एक जोडीवाला खेकसला, "बाई, हात नोका लावू! पटाचा देव हाय हा."

"देव कायचा? भाऊ हाय माहा."

त्यानं ऐकलंच नाही. नारळ फोडून तो माझ्या भावापुढे हात जोडून म्हणाला, "देवा, माह्या जोडीले अजून जोरात पळव."