गिअरबॉक्समधलं दुसरं तेल

दयाराम बर्फ फोडायच्या मशीनवर कामाला लागला तेव्हा त्याला मिशा नीट फुटल्या नव्हत्या. आता त्या पांढऱ्या झाल्या. पनवेलच्या खाडीकडच्या त्या कारखान्यात लाद्या फोडून टेम्पो भरायचे आणि मोरा बंदरातल्या मासेमारी होड्यांसाठी धाडायचे. मशीनच्या आवाजावरून त्याची तब्येत कळते, असं दयाराम सांगायचा. एकदा तर लग्नाच्या पंगतीतून उठून आला, गिअरबॉक्स कण्हतोय म्हणून. बघतो तर मशीनमागं मांजर व्यालेलं. तरी त्याचा तोरा काही उतरला नाही.

खंडेनवमीला तो गिअरबॉक्समधलं जुनं तेल काढून नवं भरायचा, मगच झेंडूची माळ आणि नारळ. जुन्या तेलावर पूजा म्हणजे त्याला पारोश्या अंगानं देवापुढं बसल्यासारखं वाटायचं.

पुढं कारखाना शेठच्या मुलाच्या, प्रितमच्या हातात आला. त्यानं सिंथेटिक तेल आणलं. ते भरायला तेलवाल्या कंपनीची मोनाली आली होती.

"काका, हे दर वर्षी बदलायचं नाही. मशीन फार तापलं नाही, आत पाणी शिरलं नाही, तर तीन-चार वर्षंही जाईल. मी नमुना तपासून सांगेन. फक्त यात तुमचं जुनं तेल मिसळू नका. दोघांचं जमत नाही."

"सासू-सुनेसारखं?" दयारामनं विचारलं.

"त्याहून वाईट. त्या निदान वेगळी चूल तरी मांडतात."

दयारामला पोरगी आवडली. तिचं बोलणंही पटलं. पण खंडेनवमी आली आणि त्याचा जीव कासावीस झाला. त्यात सील पाझरून तेल गिअरबॉक्सच्या पातळी दाखवणाऱ्या काचेतल्या खुणेखाली उतरलेलं. नवं तेल प्रितमच्या केबिनमध्ये कुलपात, आणि प्रितम गावाला.

भगवान त्याचा जुना सोबती, कारखान्यातच शेजारच्या पाण्याच्या पंपावर कामाला. जुन्या तेलाचा डबा त्यानंच शोधून आणला.

"ती पोरगी मिसलू नको म्हनली हाय," दयाराम म्हणाला.

"अरे, सनाला मशीन उपाशी ठेवतोस काय? खुनेपत्तूर घाल. तेल ते तेल."

भगवाननं नरसाळं धरलं, दयारामनं ओतलं. काचेत तेल खुणेला लागलं तेव्हा दोघांनी हात जोडले.

दिवाळी सरली आणि मशीन अडकलं. टेम्पो रिकामे उभे, मोऱ्याहून फोनवर फोन. मोनालीनं गिअरबॉक्स उघडला. आतलं तेल फुटलेल्या दुधासारखं गोळे धरून बसलेलं, दातांवर चिकट थर.

"तेल वर्षांत नाही, काही आठवड्यांत मेलं," ती म्हणाली. "यात दुसरं पडलंय."

प्रितमनं दोघांकडं पाहिलं. "कोणी घातलं?"

दयारामनं तोंड उघडायच्या आत शेजारून आवाज आला. "मी नको म्हनत होतो, शेठ. पन हा ऐकतोय कुटं."

दयाराम वळून बघतच राहिला. भगवान गिअरबॉक्सकडं बघत होता.

"मी ओतलं," दयाराम एवढंच म्हणाला.

"काका, उद्यापासून गेटवर बसा," प्रितम म्हणाला. "मशीन भगवान बघेल."

संध्याकाळी भगवान घरी आला. दयारामची बायको भीमाबाई चहा ठेवायला उठली, दयारामनं तिला हातानंच बसवलं.

"समजून घे दया," भगवान म्हणाला. "तू जुन्या शेठचा मानूस, तुला काय कोन काढत नाय. मला त्यानं उभ्या उभ्या घालवला असता. घरात दोन पोरी हायत."

"ठाऊक हाय."

"मग?"

"मग मला कानात सांगायचं होतंस. मी एकट्यानं घेतलं असतं अंगावर. तुजं नाव पन नसतं काढलं. आनि मी घेतलं असतं, ते तुला म्हाईत होतं."

भगवान उठला. चप्पल शोधायलाच त्याला बराच वेळ लागला.

गेली कित्येक वर्षं दोघं एकाच मोटारसायकलवरून कामाला जायचे, भगवान चालवायचा आणि दयाराम मागं बसून त्याला खड्डे दाखवायचा. दुसऱ्या दिवशी भगवाननं नेहमीसारखा दारात हॉर्न वाजवला. थांबून पुन्हा वाजवला. भीमाबाईनं बाहेर येऊन सांगितलं, "ते गेले कवाच. रिक्षानं."